एक गुंठा लॉन

"आप्पा, नीट ऐका. पाऊस असला तर टाकायचं नाही. पान ओलं असलं तर टाकायचं नाही. कडक ऊन असलं तरी टाकायचं नाही."

सौरव बापाला हे तिसऱ्यांदा सांगत होता आणि भावकूआप्पा हातातलं गुलाबी पुडकं उलटसुलट करून बघत होते. पुडक्यावर एक परदेशी घर होतं, घरापुढं परदेशी कुत्रं होतं आणि कुत्र्याच्या पायाखाली इतकं हिरवंगार लॉन होतं, की कुत्रंसुद्धा तिथं बसायला कचरत असावं.

"मग टाकायचं तरी कवा?"

"सगळं बरोबर असलं की टाकायचं."

"सगळं बरोबर असल्यावर खत कशाला लागतंय रं?"

या प्रश्नाचं उत्तर सौरवला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. बाहेर गाडीत बसलेल्या त्याच्या बायकोनं, करिष्मानं, हॉर्न वाजवला म्हणून तो सुटला. जाता जाता त्यानं पुडक्यातला प्लॅस्टिकचा इवलासा पेला काढून आप्पांच्या हातात ठेवला. "ह्यानं मोजून टाका. दहा पावलांना एक पेला." आप्पांनी पेला डोळ्यांपुढं धरला. एवढ्याशा भांड्यातून त्यांनी आजवर फक्त खोकल्याचं औषध घेतलं होतं.

गाडी बंगळूरच्या रस्त्याला लागली आणि सांबरा रोडवरच्या त्या नव्या बंगल्यात आप्पा, त्यांची बायको जयाबाई आणि एक गुंठा लॉन एवढे तिघेच अठरा दिवसांसाठी उरले.

आता एक गुंठा गवतासाठी एवढा पाठ कशाला, असं कुणालाही वाटेल. पण त्या गवतावर एक एकर रान लागलेलं होतं. काकती गावात ओढ्याच्या कडेला आप्पांचा तेवढाच एक तुकडा राहिला होता. बाकीची जमीन काही रुंद झालेल्या रस्त्यानं नेली, काही भावांच्या वाटण्यांनी. बंगल्यात राहायला आले तरी आप्पा रोज सकाळी बस धरून रानात जायचे आणि दिवस मावळायला चिखलाच्या पायांनी करिष्माच्या पांढऱ्या फरशीवर उमटायचे. श्रावणात बांधावरून घसरले, घोटा सुजला, आणि सौरवनं विषय काढला. रान प्लॉट पाडणाऱ्याला देऊन टाकू. "आप्पा, आता तुमच्यानं रान होणार नाही."

"का हुनार न्हाय?" आप्पा गरजले होते.

त्यावर करिष्मा अगदी मऊ आवाजात म्हणाली होती, "दारातली बाग तरी कुठं होते आप्पा तुमच्याकडून?"

हे वाक्य आप्पांना घोट्यापेक्षा जास्त लागलं. तिथल्या तिथं बोली झाली. दोघं बंगळूरला जाऊन येईपर्यंत बाग आप्पांच्या ताब्यात. परत आल्यावर लॉन पुडक्यावरच्या चित्रासारखं दिसलं, तर रानाचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही दिसलं, तर दुसऱ्या दिवशी आप्पांनी मुकाट कागदावर सही करायची.

"आवो, गवतावर रान लावलासा?" जयाबाईंनी कपाळाला हात लावला. "लोक जुगारात बैल तरी लावत्यात!"

"तू गप बस गं. पन्नास वर्सं ऊस काढलाय मी. गवत म्हंजे काय? ऊस तरी काय हाय? मोठं गवतच की."

पन्नास वर्षांच्या अनुभवातून माणूस इतका थेट निष्कर्ष काढतो, तेव्हा त्याला अडवण्यात अर्थ नसतो.

लॉनची तब्येत मात्र खरंच उतरली होती. चार महिन्यांच्या पावसानं ते धुवून धुवून जुन्या लुगड्यासारखं फिकट पडलं होतं. थंडी सुरू व्हायच्या आत एकदा खत पोटात गेलं की सावरेल, असं नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं. पण पावसाला ते कोण सांगणार? घटस्थापना झाली तरी तो हलत नव्हता. निघालेला पाहुणा चपला घालून दारातच तासभर बोलत उभा राहावा, तशी त्याची गत. आप्पा रोज सकाळी पुडकं काखेत मारून व्हरांड्यात बसत, आभाळाकडं बघत, आणि संध्याकाळी पुडकं घेऊन आत येत. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी, मंगळवारी दुपारी तीनला, ऊन पडलं.

"जया! पंचा आन!"

"आता आंघूळ?"

"पान कोरडं पायजे म्हनून सांगून गेलाय न्हवं त्यो? पुसून घेतो."

आणि भावकूआप्पा गुडघ्यावर बसून पंचानं लॉन पुसू लागले. जयाबाई दारात उभ्या राहून ते दृश्य बघत होत्या.

"पोरगं लहान असताना त्याचं नाक कवा पुसलासा न्हाय, आनि गवत पुसालायसा!"

"त्याच्या नाकावर रान लागलं न्हवतं," आप्पा मान वर न करता म्हणाले.

चार हात जागा पुसून झाली, पेल्यानं मोजून दोन पेले खत पडलं, आणि विमानतळाच्या बाजूनं घरघर ऐकू आली. आप्पांना वाटलं विमान. पण विमान इतकं काळं नसतं. पेल्यानं मोजत बसलो तर हा पाऊस पोचायच्या आत खत पोचत नाही, हे त्यांनी ओळखलं, पेला भिरकावून दिला, पुडक्याचं तोंड फाडलं आणि हात भरून खत फोकलं. उसाला फोकतात तसं, कमरेतून वळत, पाऊल टाकत. एक गुंठा पाच मिनिटांत उरकला. सहाव्या मिनिटाला पाऊस आला आणि तो काही साधा आला नाही. पन्हळीतून आला, पायरीवरून आला, आणि लॉनवरचे गुलाबी दाणे उचलून, मुंग्यांच्या रांगेसारखे एकामागे एक, कुंपणाच्या भोकातून पलीकडं घेऊन गेला.

पलीकडं मंजुश्री मॅडम राहायच्या. कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या, कॉलनीच्या सेक्रेटरी, आणि कॉलनीत पान हललं तरी त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकणाऱ्या. तीन दिवसांनी त्या कुंपणावरून डोकावल्या.

"आप्पा, ह्या वर्षी माझ्याकडं दूर्वा बघा की, काय आलंय री! गुडघ्याएवढं! आणि मी खत म्हणून काही म्हणजे काहीच घातलं नाही."

"न्हाय," आप्पा जड आवाजात म्हणाले. "तुमी न्हाय घातलं."

पण भावकूआप्पा एका पावसानं खचणाऱ्यांतले नव्हते. मॅडम दूर्वांचं कौतुक करत होत्या तोवर आप्पांच्या मनानं पुढचा बेत पक्का केला होता. चूक त्यांची नव्हतीच. खत कमअस्सल होतं. गुलाबी खत कधी कुणी बघितलंय? खत पांढरं असतं, डोळ्यात भरतं आणि पोत्यात येतं. त्यांनी काकतीची बस धरली, पुतण्या परसूच्या घरातून पिशवीभर युरिया आणला आणि रिमझिम चालू असतानाच फोकून टाकला.

"पान वलं हाय न्हवं?" जयाबाईंनी विचारलं.

"वल्या पानाला खत चिकटतंय. मग पावसाच्या बापालाबी न्हेता येत न्हाय."

हे मात्र शब्दशः खरं ठरलं. खत चिकटलं. ते इतकं चिकटलं, की पाऊस थांबून दोन दिवस चटका पडला तेव्हा जिथं जिथं दाणा बसला होता तिथं तिथं पान करपून तपकिरी झालं. आप्पांच्या हाताचा झोका जसा गेला होता, तशा अर्धगोल पट्ट्या उमटल्या. एक हिरवी, एक करपलेली, पुन्हा एक हिरवी. वरून पाहिलं असतं तर कुणीतरी वाघ झोपवून गेल्यासारखं दिसलं असतं.

"आत्ता हो?" जयाबाईंनी बोटांवर दिवस मोजले. "आज गुरुवार. सोमवारी पोरं येनार."

"गरम पडलंय. म्हंजे खतात दम हाय."

"गवतात न्हाय की पर!"

आप्पा चपला घालून फाटकाबाहेर पडले. त्यांना घाम फुटला असं कुणी समजू नये, पण रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाताना त्यांनी दोनदा मागं वळून लॉनकडं पाहिलं, आणि दोन्ही वेळा त्यांना त्या पट्ट्यांत ओढ्याकडचा बांध, बांधावरचं करंजाचं झाड आणि त्याखाली प्लॉटचे नंबर रंगवलेले दगड दिसले.

कोपऱ्यावर मेंढरं होती.

धनगरांचे कळप या दिवसांत खानापूरकडं सरकतात. भातं निघाली की मोकळ्या रानात बसायला त्यांना बोलावणी असतात. पण यंदा पाऊसच हटत नव्हता, भातं उभीच होती, आणि बोरगावचा मष्णू आपला कळप घेऊन सांबरा रोडच्या कडेला घोंगडी पांघरून वाट बघत बसला होता. कळप बघितला मात्र, आप्पांच्या डोक्यात वीज चमकली. खत पावसानं वाहतं कारण ते दाण्याचं असतं. पान करपतं कारण ते कारखान्याचं असतं. आणि गेली पन्नास वर्षं त्यांच्या रानाला वाहून न जाणारं, न करपवणारं, जाग्यावर पडून जाग्यावर मुरणारं खत कुणी दिलं होतं? बकऱ्यांनी! इकडं मेंढरांनाही बकरीच म्हणतात. पीक निघालं की दोन रात्री रानात बकरी बसवायची, लेंड्या-मूत मातीत मुरलं की वर्षभर खताचं नाव काढायला नको. हे आधी सुचलं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

"मष्णू, सध्या कुठं बसवालास?"

"कुठं न्हाय बघा आप्पा. रानं वली. जागाच घावंना."

"माझ्या दारात बसीव. एक रात. जोंधळं देतो, भाकरी देतो."

मष्णू येऊन लॉन बघून गेला. फाटकाशी उभा राहून त्यानं डोकं खाजवलं.

"आप्पा, हे रान न्हवं. ही सतरंजी हाय."

"तुला काय करायचंय? लेंड्या पडल्याशी मतलब. वीस बकरी आन, बास."

"वीस?" मष्णू हसला. "कळप तोडून बसत न्हाय आप्पा. वीस हितं ठेवली तर राह्यलेली एकशेसाठ रस्त्यावर रडत्यात. यायची तर समदी येत्यात."

आप्पांनी मनात हिशोब केला. बकरी जितकी जास्त, तितकं खत जास्त. तीन दिवसांत लॉन हिरवं करायचं तर वीस बकऱ्यांचं काम नव्हतंच ते. "आन समदी," ते म्हणाले.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत एकशेऐंशी मेंढरं फाटकातून आत शिरली. जागा बरोबर पुरली. म्हणजे पहिल्या शंभरांना लॉन पुरलं, पुढच्या पन्नासांना गाडी लावायची शेड पुरली आणि बाकीची व्हरांड्यात झोपाळ्याच्या बाजूला, कुंड्यांच्या मध्ये, चपलांच्या स्टँडवर अशी जमेल तिथं सोयीनं उभी राहिली. आप्पा कमरेवर हात ठेवून समाधानानं बघत होते. हे खरं खत. चालतं बोलतं.

आणि तेवढ्यात लॉनवरच्या शंभर मेंढरांनी एकदम माना खाली घातल्या.

आप्पांच्या रानात आजवर चाळीस-पन्नास वेळा बकरी बसली असतील. पण ती पीक निघाल्यावर. मोकळी काळी माती, वर चार धसकटं. तिथं बकऱ्यांना बसण्याशिवाय दुसरं कामच नसायचं. इथं पीक उभं होतं, आणि ही बारीकशी गोष्ट आप्पांच्या ध्यानात त्या क्षणापर्यंत आली नव्हती. शंभर शिंप्यांनी एकाच ताग्याला कात्री लावावी तसा कुरकुर कुरकुर आवाज सुरू झाला.

"मष्णू! आरं खायलाल्यात की! बसवायला आनलीस का चारायला?"

"बसतील की आप्पा," मष्णू शांतपणे म्हणाला. "पोट भरल्याबिगर कोन बसतंय सांगा?"

नेमका तेव्हाच सौरवचा फोन आला.

"आप्पा, कसं काय? लॉन कसं आहे?"

"झकास. खत घालालोय."

"आत्ता? संध्याकाळी? अजून संपलं नाही?"

"हे येगळं हाय. शेंद्री," आप्पांनी आत्मविश्वासानं सांगितलं. सेंद्रिय हा शब्द त्यांनी रेडिओवर ऐकला होता.

"अरे वा! आप्पा, तुम्ही तर..." मागून एका मेंढीनं लांबलचक हाक दिली. "हा कसला आवाज?"

"टीव्ही."

"कुठलं चॅनेल?"

"प्राण्यांचं," आप्पा म्हणाले आणि फोन बंद केला.

सकाळी पाहिलं तर मेंढरांनी आपलं काम चोख केलं होतं. खाल्लं तेवढं खत दिलं होतं, लबाडी नाही. पण पहाटेपासून पाऊस ओतत होता, आणि सातशेवीस खुरांनी एक गुंठा जमीन अशी मळली होती, की भाताच्या लावणीला चिखल करणाऱ्यानं पाया पडावं. गवत शोधायचं तर भिंग लागलं असतं.

"मष्णू, काढ आता बकरी. पोरं परवा यायची हायत."

"आज न्हाय जमायचं आप्पा. एक व्यालीय."

"कुठं?"

मष्णूनं शेडकडं बोट दाखवलं. करिष्मानं योगासनांची जांभळी चटई गुंडाळून भिंतीशी ठेवली होती. ती आता पसरलेली होती आणि तिच्यावर एक मेंढी दोन ओल्या कोकरांना चाटत, एखाद्या सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणीसारखी शांत पडली होती.

"वली पिल्ली पावसात कशी न्हेऊ?" मष्णू म्हणाला. "आनि आई हालंना, तर कळप हालत न्हाय."

यापुढं जयाबाईंनी कारभार हातात घेतला. बाळंतीण म्हटल्यावर त्यांचा राग कुठल्या कुठं गेला. त्यांनी चूल नाही म्हणून गॅसवर पाणी तापवलं, मेंढीला गूळ घातलेलं पीठ दिलं, मष्णूला भाकरी आणि झुणका दिला आणि नवऱ्याला मात्र काही दिलं नाही.

नऊच्या सुमाराला छत्री घेऊन मंजुश्री मॅडम फाटकाशी आल्या. आत बघितलं आणि त्यांच्या तोंडचं मराठी पळालं.

"अय्यो! येन्री इदु आप्पा?"

"खत हाय मॅडम."

"हे खत? हे म्याऽऽ करतंय की हो! कॉलनीच्या रूलमध्ये पाळीव प्राणी दोनच! दोन!"

"मग दोनच धरा की. बाकीची पाव्हनी हायत."

मॅडमनी फोटो काढला. फोटोत नुसती मेंढरंच मेंढरं होती आणि मागं झोपाळ्याचा एक कोपरा. तो ग्रुपवर पडला. बंगळूरला हॉटेलात नाश्ता करत बसलेल्या सौरवनं तो बघितला, पोटभर हसला आणि हसरे तोंड टाकून खाली लिहिलं, "कुणाच्या घरात शिरलीत हो ही?" मग फोटो करिष्माला दाखवला. करिष्मानं तो बोटांनी मोठा केला. तिला झोपाळा ओळखू आला. सोमवारचं परतणं शनिवारी रात्रीवर आलं.

रविवारी सकाळी गाडी फाटकाशी थांबली तेव्हा पाऊस थांबला होता. मष्णू दोन्ही कोकरं घोंगडीत बांधून निघायच्या तयारीत होता. कळप रस्त्याला लागलेला होता. शेवटचं मेंढरू करिष्माच्या बॅगेला हुंगून बाहेर पडलं, आणि मग मध्ये काहीच राहिलं नाही. समोर होता एक गुंठा काळाभोर चिखल.

करिष्मानं एक पाऊल चिखलात टाकलं आणि लगेच मागं घेतलं.

"आप्पा," करिष्मा म्हणाली, "लॉन कुठं आहे?"

"हितंच हाय. वर यायचंय."

"हिरवं कुठं आहे?"

"हिरवं व्हय?" मष्णूनं प्रामाणिकपणे सांगितलं. "ते बकऱ्यांच्या पोटात हाय वयनी." आणि जास्त थांबण्यात शहाणपण नाही हे ओळखून तो कळपामागं गेला.

सौरवनं बॅग खाली ठेवली. त्याला ओरडायचं होतं. रात्रभर गाडी चालवताना तो काय काय ओरडायचं तेच ठरवत आला होता. पण बापाच्या पांढऱ्या मिशीवर चिखलाचा शिंतोडा बघून त्याला ते जमेना. तो एवढंच म्हणाला, "आप्पा, आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं हुतं ते ठरलं हुतं," आप्पा म्हणाले. "मी शब्द फिरवनारा मानूस न्हवं. उद्या सही करतो. बोलीव त्या प्लॉटवाल्याला."

जयाबाई पदर तोंडाला लावून आत वळल्या. आप्पांनी एकदा काकतीच्या दिशेला पाहिलं. तिकडं काही दिसत नव्हतं, मॅडमची गच्ची मध्ये येत होती. मग त्यांनी खाली वाकून चिखलाची एक मूठ उचलली, अंगठ्यानं दाबली, वास घेतला. आणि ज्या माणसाचं रान आत्ता दोन मिनिटांपूर्वी गेलं, त्याचा चेहरा हळूहळू उजळू लागला.

"सौरव, ही वल बघ. असली वल धा वर्सात न्हवती. आनि खत! उद्या सही झाली की दुपारी हरभरा टोकतो हितं."

"इथं?" करिष्मा म्हणाली.

"मग? रान गेलं म्हंजे मला दुसरं काम काय? बारा म्हैनं हितंच की आता. फाटकाच्या कडंनं मेथी टाकू. कुंपनावर दोडका चढवू."

"कुंपणावर..."

"आनि म्हस आनायला परसूला फोन करतो. रानातलं शेडच जानार म्हटल्यावर ती बिचारी कुठं ऱ्हायल? तुमची गाडी रस्त्यावर लावा, शेडात म्हस झकास बसती. शेन टाकायला ही झोपाळ्याखालची जागा हाय. उन्हाळ्यात काय वास येत न्हाय, वाळतंय."

आप्पा हे काही धमकी म्हणून बोलत नव्हते. गेली पन्नास वर्षं ज्यांच्या हाताला माती होती, त्यांना एका जागेची माती गेल्यावर दुसऱ्या जागेची दिसू लागली, एवढंच. ते पावलं टाकून अंतर मोजत चालले होते. व्हरांड्यापासून पाच पावलांवर त्यांनी काठी रोवली. "हितं उकिरडा," असं स्वतःशीच म्हणाले.

करिष्मानं काठीकडं पाहिलं. मग बेडरूमच्या खिडकीकडं पाहिलं. काठी खिडकीसमोर होती.

"सौरव, जरा आत ये," ती म्हणाली.

दोघं आत गेले. डोक्यावरून विमान गेलं, त्यामुळं आतलं काही ऐकू आलं नाही. विमान गेल्यावरही आतलं चालूच होतं, पण त्यात आवाज एकट्या करिष्माचाच होता. पाच मिनिटांनी ती बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात चहाचा कप होता. आजवर आप्पांना तिनं स्वतः आणून दिलेला हा दुसरा चहा. पहिला, पोरगी बघायला गेले तेव्हाचा.

"आप्पा, घोटा कसा आहे हो आता?"

"ठनठनीत."

"सूज नाही ना?"

"नावाला न्हाय."

"मग रान करायला काय हरकत आहे?" ती म्हणाली. "उगीच बसून राहिलात तर तब्येत बिघडेल. बसचं पण नको. सकाळी लवकर मी गाडीनं सोडत जाईन. सहाला चालेल? साडेपाचला?"

आप्पा चहाचा घोट तोंडात तसाच ठेवून तिच्याकडं बघत राहिले. "पर माझा हरभरा..."

"तिकडंच टोका. सगळा. इथं एक दाणा पण नको."

आतून सौरवच्या फोनचा आवाज येत होता. तो प्लॉट पाडणाऱ्याशी बोलत होता, आणि समोरचा सहजासहजी सोडत नसावा.

"नाही साहेब, नाही द्यायचं... अहो नाही, दराचं काही नाही... वाढवून दिलंत तरी नाही. तुम्ही समजून घ्या, रान विकलं तर आमच्या आप्पांना ठेवायचं कुठं?"

जयाबाई दारात आल्या. डोळे पुसलेले होते आणि तोंडावर हसू येऊ घातलेलं होतं. त्यांनी आधी चिखलाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

आप्पांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि चिखलानं भरलेल्या मिशीवरून पालथा हात फिरवला.

"बघितलीस?" ते म्हणाले. "खत असं मुळाला पोचावं लागतंय."